ब्रेक्झिटचा तिढा पॅकहाऊसमधून कसा वाचावा

पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये मी निर्यातीची कागदं बघते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, रेसिड्यूचे (कीडनाशक-अंशांचे) रिपोर्ट, बिल ऑफ लेडिंग. ब्रिटनचं राजकारण हा काही माझा विषय नव्हता. २०१९च्या हंगामात तो झाला, कारण युरोपीय संघातून बाहेर पडायची त्यांची तारीख २९ मार्च होती आणि तेव्हा आमचा हंगाम ऐन भरात असतो. न्हावाशेव्याहून निघालेल्या रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरला तिकडे पोचायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात भरलेला माल उतरेल तेव्हा ब्रिटन संघात असेल की बाहेर, हे भरताना कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यातला काही माल थेट लंडन गेटवेला उतरणार, काही नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला उतरून लॉरीने इंग्लिश खाडी ओलांडणार. सकाळी सातपासून बागायतदारांचे फोन: "ताई, गोऱ्यांचं काय ठरलं?"

ठरलेलं काही नसायचं. पण काहीच न ठरणं हेसुद्धा वाचता येतं, आणि ते वाचून माल कुठल्या बंदरावर पाठवायचा हे ठरवता येतं. ती पद्धत इथे लिहून ठेवते आहे. उद्या दुसऱ्या कुठल्या देशाचं घोडं अशाच व्यवहारात अडलं, आणि तुमचा माल, मुलाची फी किंवा बहिणीचा व्हिसा त्यात गुंतलेला असेल, तर उपयोगी पडेल.

आधी कॅलेंडर, बातम्या नंतर

बातम्यांमध्ये सगळा प्रश्न 'कोण जिंकणार' एवढाच असतो. तुम्ही वेगळा प्रश्न विचारा: कोणीच काही केलं नाही तर काय होईल, आणि कोणत्या तारखेला?

ब्रिटनच्या बाबतीत याचं उत्तर लख्ख होतं. २३ जून २०१६ला जनमत झालं, ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. पण त्या दिवशी कायद्याने काहीही बदललं नाही. खरं घड्याळ सुरू झालं २९ मार्च २०१७ला, जेव्हा युरोपीय कराराच्या ५०व्या कलमाखालचं पत्र ब्रसेल्समध्ये युरोपीय परिषदेचे अध्यक्ष डोनाल्ड टुस्क यांच्या हातात पडलं. त्या कलमात दोन वर्षांची मुदत आहे. दोन वर्षांत करार मंजूर झाला तर करारासह बाहेर, नाही झाला तरी बाहेर. भांडत बसलात, झोपून राहिलात, राजीनामे दिलेत, तरी तारीख यायची तेव्हा येणारच.

आता त्या तारखेची चावी कोणाकडे आहे ते बघा. इथे चाव्या दोन होत्या. मुदत वाढवायची तर उरलेल्या २७ देशांची एकमताने संमती लागत होती. एक देश जरी अडला असता तरी वाढ नाही. पत्रच मागे घ्यायचं असेल तर मात्र ब्रिटनला कोणाला विचारायची गरज नव्हती. तसा निकाल युरोपीय न्यायालयाने १० डिसेंबर २०१८ला दिला होता. तिसरी चावी नव्हती. म्हणून १३ मार्च २०१९ला ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स या कनिष्ठ सभागृहाने 'कराराविना बाहेर पडायचं नाही' असा ठराव ३२१ विरुद्ध २७८ने केला, तेव्हा टीव्हीवर गहजब झाला तरी आमच्या फळ्यावर मी एक अक्षर पुसलं नाही. ठराव म्हणजे इच्छा. इच्छेने कलम ५० थांबत नाही.

माझ्या टेबलामागच्या फळ्यावर दोनच ओळी होत्या: वर तारीख, खाली 'काहीच झालं नाही तर: कराराविना बाहेर'. खालची ओळ शेवटपर्यंत तीच राहिली. वरची बदलत गेली. २१ मार्चच्या शिखर बैठकीत २९ मार्चची १२ एप्रिल झाली (कॉमन्सने करार मंजूर केला तर २२ मे), १० एप्रिलला ती ३१ ऑक्टोबर झाली, आणि ऑक्टोबरअखेर ३१ जानेवारी २०२०. १० एप्रिलला मी पहिल्यांदा निवांत जेवले. त्या हंगामातला आमचा शेवटचा कंटेनरसुद्धा ३१ ऑक्टोबरच्या कितीतरी आधी उतरणार होता.

डोकी मोजायला शिका

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

कॉमन्समध्ये ६५० जागा आहेत. म्हणून बहुमत ३२६, असं आपण झटकन म्हणतो. तसं नाही. उत्तर आयर्लंडच्या शिन फेन पक्षाचे तेव्हा सात खासदार होते आणि ते संसदेत बसतच नाहीत. ब्रिटिश राजसत्तेशी निष्ठेची शपथ घ्यायची नाही, हे त्यांचं जुनं धोरण. सभापती आणि तीन उपसभापती मत देत नाहीत. उरले ६३९, म्हणजे खरा आकडा ३२०. शिवाय प्रत्येक मतदानात दोन्ही बाजूंचे दोन-दोन मोजणारे खासदार असतात, त्यांची मतं आकड्यात धरत नाहीत. म्हणजे निकालात दिसू शकतील अशी जास्तीत जास्त मतं ६३५.

आता १५ जानेवारी २०१९चा निकाल बघा. संक्रांतीचा दिवस होता. पंतप्रधान थेरेसा मे यांनी संघाशी केलेला बाहेर पडण्याचा करार २०२ विरुद्ध ४३२ने पडला. बेरीज ६३४. झाडून सगळे हजर होते. लेबर पक्षाच्या ट्युलिप सिद्दिक यांनी सिझेरियन पुढे ढकललं आणि त्या चाकाच्या खुर्चीतून मत द्यायला आल्या. एरवी आजारी किंवा गरोदर खासदारासाठी विरुद्ध पक्षाचा एक जण स्वेच्छेने मत देत नाही, अशी तिथे जोडी लावायची पद्धत आहे. पण आदल्या वर्षीच्या जुलैमध्ये सत्ताधारी पक्षाच्या एका पदाधिकाऱ्याने जोडी लागलेली असतानाही मत दिलं होतं, त्यामुळे विश्वास उडाला होता. बेरीज जेव्हा इतकी भरते तेव्हा 'काही लोक गैरहजर राहून सरकारला वाचवतील' हा अंदाज फळ्यावरून पुसून टाकायचा.

४३२मध्ये सरकार पक्षाचेच ११८ खासदार होते. इथे आपल्या लोकांचा हमखास घोटाळा होतो. आमचे शेठ म्हणाले, "मग गेली ना त्यांची खासदारकी?" आपल्याकडे राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली पक्षाचा व्हिप (मतदानाचा आदेश) मोडला की सदस्यत्व जायची भीती असते. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही. व्हिप मोडणाऱ्याला पक्ष फार तर संसदीय गटातून काढतो, खासदारकी शाबूत राहते. त्यामुळे तिथे पक्षाच्या जागा मोजून काही कळत नाही, माणसं मोजावी लागतात.

दुसरा धक्का दुसऱ्याच दिवशी. मंगळवारी २३० मतांनी हरलेलं सरकार बुधवारी अविश्वासाच्या ठरावातून ३२५ विरुद्ध ३०६ असं सुखरूप बाहेर आलं. मंगळवारी विरोधात गेलेले तेच ११८ जण बुधवारी परत आले. करार नको होता, पण निवडणूकही नको होती. ज्या देशात ही दोन मतं वेगवेगळी देता येतात, तिथे सरकार हरूनही खुर्चीत राहू शकतं, आणि तिढा लांबण्याचं ते सगळ्यात मोठं लक्षण. आकडा कितीही मोठा असो, दुसऱ्या दिवशीचं मतदान बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला ईमेल करू नका.

आता विरोधातली माणसं कोण, ते वेगळं काढा. मतदानाच्या एकाच दालनातून चालत गेले म्हणून त्यांचं म्हणणं एक नसतं. इथे ढोबळ चार गट होते. सरकार पक्षातले कडवे, ज्यांना करार फार मवाळ वाटत होता. विरोधी लेबर पक्ष, ज्यांना वेगळा करार किंवा निवडणूक हवी होती. स्कॉटिश नॅशनल पक्ष, लिबरल डेमोक्रॅट आणि इतर, ज्यांना बाहेर पडायचंच नव्हतं. आणि उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावा असं म्हणणाऱ्या तिथल्या डीयूपी पक्षाचे १० खासदार.

हे १० जण नीट समजून घ्या, कारण गाठ तिथे बसली होती. मे बाईंनी ८ जून २०१७ला मुदतीआधी निवडणूक घेतली, बहुमत वाढवायला. झालं उलटं. ३१७ जागा मिळाल्या, बहुमत गेलं आणि सरकार डीयूपीच्या १० मतांवर टेकलं. त्या बदल्यात उत्तर आयर्लंडला १ अब्ज पौंड जादा द्यायचं ठरलं. आता युरोपीय संघ आणि ब्रिटन यांच्यात जमिनीवरची मोठी सीमा एकच, आयर्लंड बेटावरची, साधारण ५०० किलोमीटर. १९९८च्या गुड फ्रायडे करारानंतर त्या सीमेवरच्या चौक्या गेल्या होत्या आणि त्या परत आणायच्या नाहीत यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण दोन्हीकडचे जकातीचे आणि मालाचे नियम वेगळे झाले तर तपासणी कुठेतरी करावीच लागणार. त्यावर करारात 'बॅकस्टॉप' नावाचं कलम घातलं: दुसरी सोय होईपर्यंत अख्खा ब्रिटन संघाच्या जकातक्षेत्रात, आणि उत्तर आयर्लंड शिवाय मालाच्या काही नियमांतही. कडव्यांना वाटलं आपण कायमचे अडकलो. डीयूपीला वाटलं आपल्याला उरलेल्या ब्रिटनपासून तोडलं. दोघांचा राग एका कलमावर, पण त्यावरची औषधं एकमेकांच्या विरुद्ध. एकाला खूश करायला कलम हलवलं की दुसरा बिथरणार.

मग फळ्याच्या कोपऱ्यात एक छोटा हिशेब सुरू ठेवा: बंडखोर दर वेळी किती गळतात. सरकार पक्षातले जानेवारीत ११८, १२ मार्चला ७५, २९ मार्चला ३४. करार पडण्यातला फरक २३०वरून १४९वर आणि मग ५८वर आला. ही उतरंड बघून पुष्कळ जणांनी 'पुढच्या वेळी पास' असं धरलं. पण ३४मध्ये २८ कडवे असे होते की जे तिन्ही वेळा नाही म्हणाले, आणि त्यांना वर्तमानपत्रं 'स्पार्टन' (स्पार्टाचे लढवय्ये) म्हणायला लागली. माणसाला विशेषण चिकटलं की ते सोडून मागे फिरणं त्याला जड जातं. त्यांत प्रीती पटेल होत्या आणि सुएला ब्रेव्हरमनही, ज्यांचे वडील मूळ गोव्याचे फर्नांडिस. गंमत म्हणजे समोरच्या बाकांवर लेबरतर्फे सभागृहाच्या कामकाजाची बाजू सांभाळणाऱ्या व्हॅलेरी वाझ, त्यांचंही मूळ गोव्याचंच. एकच गोवा, दोन बाकं, आणि नकार मात्र सामाईक.

'नको'ला बहुमत, 'हवं'ला नाही

तिढा खरा आहे की नुसती ओढाताण, हे ओळखायची परीक्षा २७ मार्चच्या रात्री झाली. खासदारांनी आठ पर्याय स्वतःच मतदानाला घातले. कराराविना बाहेर, पत्र मागे घ्या, पुन्हा जनमत, जकात संघ (बाहेर पडूनही संघाशी जकात एकच), एकल बाजार (मालाचे नियमही एकच), लेबरची योजना, असं सगळं. आठही पडले. एक ना धड, भाराभर चिंध्या.

पण अशा रात्री निकालाच्या मथळ्यावर थांबू नका, उतरत्या क्रमाने यादी करा. सगळ्यात जास्त 'हो' कशाला, आणि सगळ्यात कमी फरक कशात? जास्त 'हो' पुन्हा जनमताला (२६८), सगळ्यात कमी फरक जकात संघाला. कराराविना बाहेर पडायला मात्र जेमतेम १६० 'हो' आणि ४०० 'नाही'. आम्हाला एवढं पुरेसं होतं. सभागृहाला बांधावरून पलीकडे उडी मारायची नव्हती, म्हणजे मुदतवाढ मागायची धडपड होणार हे उघड होतं. १ एप्रिलला दुसरी फेरी झाली. जकात संघ २७३ विरुद्ध २७६, तीन मतांनी हुकला. आपापला पर्याय घट्ट धरून बसलेल्यांपैकी दोघांनी जरी बाजू बदलली असती तरी निकाल फिरला असता. ज्यांना पुन्हा जनमत हवं होतं त्यांतल्या काहींना जकात संघ नको होता, कारण तो मंजूर झाला असता तर जनमत हातचं गेलं असतं. तिढा बहुतेक वेळा असा टिकतो, वाईटाच्या भीतीने कमी आणि याहून चांगलं मिळेल या आशेने जास्त.

विषय मांडायचा अधिकार कोणाकडे

हे फार थोडे लोक बघतात. कॉमन्सच्या १४व्या स्थायी नियमाप्रमाणे सरकारच्या कामकाजाला अग्रक्रम असतो. म्हणजे सरकारने विषय मांडलाच नाही तर बहुमत असूनही कोणाला काही करता येत नाही. २५ मार्चला सरकार पक्षाचेच खासदार ऑलिव्हर लेटविन यांच्या दुरुस्तीने ३२९ विरुद्ध ३०२ मतांनी हा नियम एका दिवसापुरता बाजूला ठेवला, तेव्हा मला वाटलं की आता खेळ बदलला. ३ एप्रिलला खासदारांनीच आणलेलं, पंतप्रधानांना मुदतवाढ मागायला लावणारं विधेयक कॉमन्समध्ये ३१३ विरुद्ध ३१२ असं एका मताने पास झालं. त्याच दिवशी दुसऱ्या एका दुरुस्तीवर ३१०-३१० अशी बरोबरी झाली आणि सभापती जॉन बर्को यांनी परंपरेप्रमाणे विरोधात मत टाकलं.

आणि सभापती विसरू नका. तिसऱ्यांदा तोच करार आणायच्या बेतात सरकार असताना १८ मार्चला बर्को उठले आणि १६०४पासूनच्या प्रथेचा दाखला देऊन म्हणाले, एकाच अधिवेशनात तोच प्रश्न परत परत नाही. म्हणून २९ मार्चला सरकारने कराराला जोडलेला, पुढच्या संबंधांबद्दलचा राजकीय जाहीरनामा बाजूला काढून नुसता करार आणला, म्हणजे प्रश्न 'वेगळा' झाला. आमच्या ग्रामपंचायतीतसुद्धा अशा युक्त्या होतात, पण तिथे १६०४चा दाखला कोणी देत नाही.

न्यायालयालाही धरून चाला. मे यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी संसद पाच आठवडे स्थगित केली तेव्हा २४ सप्टेंबर २०१९ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने ती स्थगिती बेकायदा ठरवली.

रात्री जागायचं का?

बहुतेक वेळा नाही. ब्रिटन आपल्या साडेपाच तास मागे असतो, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे गेली की साडेचार तास. संध्याकाळचं मतदान म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतर. मोठ्या मतदानाला जागायचंच असेल तर अख्खी चर्चा ऐकू नका. घंटा वाजली की आठ मिनिटांनी दालनांचे दरवाजे बंद होतात, खासदार खरोखर चालत 'हो'च्या किंवा 'नाही'च्या दालनातून जातात, मोजणी धरून पंधरा मिनिटांचा कार्यक्रम. चार मोजणारे समोर येतात, तेव्हा कागद कोणाच्या हातात आहे ते बघा. आकडे जिंकलेल्या बाजूचा मोजणारा वाचतो, त्यामुळे तो तोंड उघडायच्या आधीच निकाल कळतो. संसदेचं थेट प्रक्षेपण फुकट आहे आणि कोणी कुठे मत दिलं याची नावानिशी यादीही जरा वेळाने मिळते. वाहिन्यांवरच्या तज्ज्ञांपेक्षा ती यादी बरी.

पौंडाचा दर मात्र रात्री बघू नका. १५ जानेवारीला करार पडला तसा पौंड घसरला आणि लगेच सावरला, कारण बाजाराने 'आता मुदतवाढ होईल' असं धरलं. अर्ध्या तासात दोन वेळा मत बदलणाऱ्या आकड्यावर इनव्हॉइसचा निर्णय घेण्यापेक्षा बँकेत जाऊन फॉरवर्ड कव्हर घ्यावं (पुढच्या तारखेचा दर आजच बांधून घ्यावा) आणि झोपावं.

दरम्यान माल कुठे पाठवायचा

आम्ही केलं ते एवढंच: प्रत्येक कंटेनर दोन कसोट्यांवर तपासला. तारखेच्या आत उतरतो का? आणि उतरल्यावर ब्रिटन व संघ यांच्यामधली सीमा ओलांडायची आहे का? जो माल ब्रिटनच्याच बंदरावर उतरतो त्याला कराराविना बाहेर पडण्याचा धोका कमी, कारण भारतातून आलेल्या मालाची तपासणी तिथे आधीही होत होती. रॉटरडॅमला सोडवून मग लॉरीने जाणाऱ्याला धोका जास्त, कारण ती सीमा नवीच उभी राहणार होती. म्हणून मार्चच्या मध्यानंतर उतरणारा ब्रिटनचा माल जमेल तितका थेट बंदरावर वळवला, आणि रॉटरडॅमचा माल युरोपातल्याच गिऱ्हाइकाला देता येईल असं बोलून ठेवलं. पनेटवरची (द्राक्षांच्या छोट्या डब्यावरची) लेबलं मात्र आधीच बघा. एका सुपरमार्केटसाठी छापलेलं पनेट दुसरीकडे खपत नाही. द्राक्षाची जात थॉमसन असो की शरद, शेवटी अडतं ते लेबलावर.

सरकारी घोषणा वाचा, पण तयारी तपासून. १३ मार्चला ब्रिटनने जाहीर केलं की कराराविना बाहेर पडलो तर आयातीच्या ८७ टक्के मूल्यावर तात्पुरता शून्य कर. हे कामाचं, कारण लिहिलेलं आणि मोजता येणारं. उलट जादा फेरी बोटींच्या ठेक्यांपैकी १३.८ दशलक्ष पौंडांचा एक ठेका सीबोर्न फ्रेट नावाच्या कंपनीला मिळाला, जिच्याकडे एकही जहाज नव्हतं आणि जिच्या वेबसाइटवरच्या अटी घरपोच जेवणाच्या धंद्याच्या वाटत होत्या. फेब्रुवारीत तो रद्द झाला. केंटमधल्या मॅन्स्टनच्या जुन्या विमानतळावर ७ जानेवारीला लॉऱ्यांच्या रांगेची रंगीत तालीम झाली, तिला ८९ लॉऱ्या आल्या. डोव्हरला रोज हजारोंनी लॉऱ्या ये-जा करतात. हे वाचल्यावर शेठना वेगळं समजावावं लागलं नाही.

माणसांचा हिशेब मालापेक्षा वेगळा. माझी म्हापशाची एक मैत्रीण स्विंडनला असते. तिथे गोंयकारांची मोठी वस्ती आहे आणि त्यांतल्या पुष्कळांकडे पोर्तुगीज पासपोर्ट, कारण १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना तो मागता येतो. म्हणजे ही मंडळी ब्रिटनमध्ये युरोपीय नागरिक म्हणून राहत होती. २०१६च्या जनमतात त्यांना मत नव्हतं, आणि शेजारच्या भारतीय पासपोर्टवाल्याला मात्र होतं, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून. तिला मी सांगितलं ते तुम्हालाही सांगते: अशा वेळी सगळ्या शक्यतांमध्ये लागणारं एक काम शोधा आणि ते आधी उरका. तिच्या बाबतीत ते युरोपीय नागरिकांच्या वास्तव्याचा अर्ज हे होतं. करार होवो न होवो, तो करावाच लागणार होता. ६५ पौंडांची फी जानेवारीत रद्द झाली आणि ३० मार्चला योजना सगळ्यांसाठी खुली झाली. निकालाची वाट बघत थांबण्यात काहीच मिळणार नव्हतं.

सुटतोय हे कशावरून कळतं

भाषणांवरून नाही, पंतप्रधान बदलल्यावरूनही नाही. मे बाई गेल्या, २४ जुलै २०१९ला जॉन्सन आले, पण सभागृहातली माणसं तीच होती. त्यामुळे सप्टेंबरमध्ये पुन्हा तोच खेळ. ३ सप्टेंबरला त्यांचा एक खासदार त्यांचं भाषण चालू असतानाच उठून समोरच्या बाकावर गेला आणि बहुमत संपलं. त्याच रात्री विरोधात मत दिलेल्या २१ जणांना त्यांनी गटातून काढलं, त्यात केन क्लार्क होते आणि चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्सही. निवडणूक मागितली तर तेव्हाच्या कायद्याने ४३४ मतं लागत होती, मिळाली २९८. सरकारला कायदा करता येत नाही आणि पडताही येत नाही.

गाठ सैल झाल्याची पहिली खूण २२ ऑक्टोबरला. नव्या करारात बॅकस्टॉप काढून तपासणीची रेघ आयरिश समुद्रात ओढली होती. डीयूपी भडकली, पण कडवे आत आले आणि लेबरचे १९ जणही आले. विधेयकाचं दुसरं वाचन ३२९ विरुद्ध २९९ने पास झालं. बाहेर पडण्याच्या करारासाठीच्या कायद्याला सभागृहाने पहिल्यांदा 'हो' म्हटलं होतं. लगेच पुढच्या मतदानात तीन दिवसांत सगळं उरकायचं वेळापत्रक ३०८ विरुद्ध ३२२ने पाडलं, आणि मथळे त्याचेच झाले. मी पहिल्या आकड्याखाली रेघ मारली. मग एका ओळीच्या वेगळ्या कायद्याने साध्या बहुमतावर निवडणूक मंजूर झाली, १२ डिसेंबरला जॉन्सन यांना ३६५ जागा मिळाल्या, आणि २० डिसेंबरला तेच विधेयक ३५८ विरुद्ध २३४ने पुढे सरकलं. डोक्यांची संख्या बदलल्यावर पुढचा सगळा मामला दीड महिन्यात उरकला.

३१ जानेवारी २०२०च्या रात्री अकराला, आपल्याकडे पहाटे साडेचारला, ब्रिटन बाहेर पडला. त्या सकाळी पुन्हा फोन आले. कागदात काय बदललं? काहीही नाही. करारात ३१ डिसेंबर २०२०पर्यंत संक्रमणकाळ होता आणि तोवर नियम जुनेच. अशा निकालात दुसरी तारीख हमखास दडलेली असते, ती शोधा आणि फळ्यावर पहिलीच्या जागी लिहा. १ जानेवारी २०२१पासून ब्रिटनच्या आणि युरोपीय संघाच्या कीडनाशक-अंशांच्या मर्यादा वेगवेगळ्या याद्यांमध्ये बघाव्या लागतात, त्यामुळे रेसिड्यूचा रिपोर्ट आला की माल कुठल्या यादीने तपासायचा हे आधी ठरवा. आणि इनव्हॉइसवर 'युनायटेड किंगडम' दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका, खाली शहर वाचा. उत्तर आयर्लंडमधलं बेलफास्ट असेल तर यादी संघाची.